स्थलांतर आणि निर्वासन : ‘रणांगण’पासून नागझिऱ्यापर्यंत

विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’ (१९३९) या कादंबरीत प्रत्यक्ष युद्ध नाही. आहे ती युरोपातून पूर्वेकडे निघालेली बोट आणि तीवरील ज्यू निर्वासित. चक्रधर मुंबईला उतरतो. हॅर्टा उतरू शकत नाही. तिच्या आत्मनाशामुळे युद्धाचा परिणाम एका आयुष्यापुरता सीमित होतो. जो निर्वासित उतरला, ज्याने संसार मांडला, मुले वाढवली, त्याचे काय, हा प्रश्न ‘रणांगण’च्या रचनेत उद्भवतच नाही.

तो नागझिऱ्याच्या परिसरात उद्भवतो. १९५० साली चिनी सैन्य तिबेटात शिरले, १९५९ साली ल्हासातील उठाव चिरडला गेला. त्यातून परागंदा झालेल्यांपैकी काहींची ‘नॉर्ग्येलिंग’ ही वसाहत १९७२ साली याच अरण्यपट्ट्यात, गोठणगावजवळ वसली. मराठी वाचकाला मात्र हा प्रदेश परिचित आहे तो व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘नागझिरा’मुळे आणि मारुती चितमपल्लींच्या नवेगावबांधशी निगडित लेखनामुळे. या लेखनाचा विषय अरण्य आहे. त्याच्याकडे निर्वासितांची साक्ष मागणे अन्यायाचे ठरेल. तथापि अशा लेखनातून घडलेल्या वाचकीय जाणिवेचा विचार टाळता येत नाही.

या जाणिवेत ‘स्थलांतर’ हा शब्द प्रथम पक्ष्यांचा आहे. हिवाळ्यात हिमालय ओलांडून आलेला पक्षी ऋतू पालटताच परततो. परतीची खात्री हाच त्याच्या स्थलांतराचा अर्थ. निर्वासितानेही हिमालयच ओलांडला, पण त्याच्या वाटेला ऋतुचक्र नाही. दोहोंना एकच शब्द लावला की हिंसा निसर्गक्रमात विरून जाते.

विदर्भात जन्मलेल्या पिढीला तर ‘परत’ हा शब्दही उसनाच. न पाहिलेल्या देशी परतायचे कसे? शिवाय भारतीय नागरिकत्व कायद्याने १ जुलै १९८७ ही सीमारेषा आखली आहे. तीपूर्वी भारतात जन्मलेला तिबेटी जन्मानेच नागरिक ठरतो, हे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० साली मान्य केले. त्यानंतर जन्मलेल्याला केवळ जन्माने तो हक्क नाही. एकाच घरातील थोरले भावंड नागरिक आणि धाकटे परदेशी, अशी ही सीमा घराच्या आत येते.

हॅर्टाची शोकांतिका एका क्षणात पूर्ण होते. या भावंडांची शोकांतिका नोंदणीपत्राच्या प्रत्येक नूतनीकरणात विखुरलेली आहे. तिला उत्कर्षबिंदू नाही. उत्कर्षबिंदूवाचून युद्ध सांगू शकणारी कथनरचना मराठी कादंबरीला शोधावी लागेल. रणांगण तेथे समुद्रावर नसेल. ते धानाच्या बांधावर, दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या दारात असेल.