श्रवणाचे पुस्तक आणि वाचनाचे सोहळे

वाचनाची गोडी वाढावी म्हणून होणाऱ्या सार्वजनिक उपक्रमांचा हेतू स्तुत्य आहे, याविषयी दुमत नाही. २०१५ पासून महाराष्ट्रात १५ ऑक्टोबर हा ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून पाळला जातो. ४ मे २०१७ रोजी सातारा जिल्ह्यातील भिलार ‘पुस्तकांचे गाव’ झाले आणि तेथील ग्रामस्थांनी आपल्या घरांत पुस्तकांस जागा दिली. परंतु ग्रंथ घरात येणे निराळे आणि तो कुटुंबात वाचला जाणे निराळे. सभेच्या दुसऱ्या दिवशी घरात काय होते, हीच अशा सोहळ्याची खरी कसोटी होय.

आपल्याकडे एकत्र वाचन नवे नाही. श्रीधरांचा ‘हरिविजय’ (१७०२) किंवा ‘पांडवप्रताप’ (१७१२) चातुर्मासात एकाने वाचावा आणि अनेकांनी ऐकावा, असा परिपाठ घरोघर होता. अक्षरशत्रू आजीसही तेथे मानाचे स्थान असे. मात्र पोथीपुढे श्रोत्याने हात जोडावयाचे. शंका विचारावयाची नाही, ही त्या परिपाठाची उणीव होती.

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’कडे या दृष्टीने पाहावे. या पुस्तकाची विभागणी प्रकरणांत नसून रात्रींत आहे. श्याम सांगतो व आश्रमातील सोबती ऐकतात. श्रोतृवर्ग पुस्तकाच्या रचनेतच बसविलेला आहे. त्यातील अश्रूंचा अतिरेक व उपदेशाचा सोस एकट्याने वाचताना खटकतो, हा टीकाकारांचा आक्षेप आम्हांसही मान्य आहे. परंतु मंडळी जमली की त्या अतिरेकाला आपोआप उत्तर मिळते. तारापूरजवळच्या घिवलीसारख्या समुद्रकाठच्या गावी विहिरीत पोहण्यास भिणाऱ्या श्यामची कथा वाचली, तर दर्यावर्दी घरातील पोरे खुशाल हसतील. आईने मुलास मारून पोहावयास धाडावे काय, यावर त्यांची आजी आपले मत देईल. ते हसणे आणि ते मत हीच टीकेची पहिली पायरी होय. पोथीच्या श्रोत्यास जे लाभले नाही, ते येथे लाभते.

म्हणून अशा गावी समारंभ योजणाऱ्यांस आमची विनंती आहे की, पाहुणे व हारतुरे यांचा व्याप आवरावा. जून-जुलैत यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते आणि बाप घरी असतो. त्या दिवसांत पाचच संध्याकाळी निवडाव्यात. मुलाने वाचावे, वडीलधाऱ्यांनी ऐकावे व विचारावे. पाचव्या दिवशी पुस्तक त्याच घरी जावे. वाचता न येणाऱ्या मातेस सभेत निरक्षर म्हणून लाजविण्यापेक्षा घरात श्रोता म्हणून बसविणे अधिक शहाणपणाचे आहे. सहाव्या रात्री कोणी न सांगता ते पुस्तक उघडले गेले, तर सोहळा सफल झाला असे समजावे.