पेटी, तंबोरा आणि नवशिक्याची चूक



आज मी तज्ज्ञ म्हणून उभा नाही, हे आधीच सांगून टाकतो. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. गाणं शिकायला लागलो ते वयाच्या 68व्या वर्षी. तेव्हा तुमच्यासमोर बोलतोय तो नवशिक्या. पण नवशिक्याबद्दल बोलायचा अधिकार नवशिक्यालाच थोडा जास्त असतो, असं मला वाटतं. जाणकार माणूस आपण स्वतः कसे अडखळलो ते विसरून गेलेला असतो. (हशा)

आपल्याकडे गाण्याच्या क्लासला नाव घातलं की काय होतं? पहिल्याच आठवड्यात पेटी समोर येते. डाव्या हाताने भाता, उजव्या हाताची बोटं पट्ट्यांवर, आणि तोंडाने सा रे ग म. गाणं आणि वाजवणं दोन्ही एकदम सुरू. घरच्यांना वाटतं, वा, एका फीमध्ये दोन विद्या! माझंही तसंच झालं. अलंकार झाले, पलटे झाले, भूपातली सरगम झाली. सहा-सात महिन्यांत मी बऱ्यापैकी गातो, अशी माझी खात्री पटली होती.

मग एके दिवशी आमच्या बाई म्हणाल्या, "सर, आज पेटी बंद. नुसत्या तंबोऱ्यावर म्हणा." बाई माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान, पण गुरू त्या आणि शिष्य मी. म्हटलं, ठीक आहे. सा लावला. रे जेमतेम लागला. गांधारावर गेलो आणि पायाखालची पायरीच निघून गेल्यासारखं झालं. जो स्वर सात महिने रोज म्हणत होतो, तो कुठे आहे हेच मला ठाऊक नव्हतं. बोटाला ठाऊक होतं, गळ्याला नव्हतं, आणि कानाला तर मुळीच नव्हतं.

घरी येताना प्रश्न पडला: मग सात महिने गात कोण होतं?

आजचं व्याख्यान म्हणजे या प्रश्नाचं उत्तर शोधायचा प्रयत्न आहे. पेटीवर टीका करणार आहे, पण ती नेहमीची टीका नाही. म्हणून आधी नेहमीची टीका काय आहे ते पाहू.

पेटी मूळची युरोपातली. 1840च्या दशकात पॅरिसमध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं गेलं. पायाने भाता मारायचं ते वाद्य. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याला जमिनीवर बसून, हाताने भाता मारत वाजवायचं रूप दिलं. मग ती देशभर पसरली. कीर्तनात गेली, भजनात गेली, आपल्या संगीत नाटकात तर तिने ठाणच मांडलं. 1911च्या 'मानापमान'ला चाली देणारे गोविंदराव टेंबे हे स्वतः नावाजलेले पेटीवादक. तेव्हा मराठी माणसाने पेटीला परकी म्हणावं, हे जरा अवघडच आहे.

तरीही विरोध झाला, आणि मोठमोठ्यांनी केला. रवींद्रनाथांना ती नको होती. 1940 साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली, ती 1971 पर्यंत चालली. मुद्दे मुख्यतः दोन. एक, पेटीत मींड नाही. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, उडी मारावी लागते. दोन, पेटीचे स्वर आपल्या श्रुतींशी जुळत नाहीत. या दुसऱ्या मुद्द्यावर आपल्या सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी फार कष्ट घेतले. बावीस श्रुतींवर त्यांनी 1910 साली पुस्तक लिहिलं आणि श्रुती वाजतील अशी पेटीही करून घेतली.

आता हा श्रुतीचा मुद्दा जरा आकड्यांत पाहू. हिशेबाला सोपं म्हणून खर्जाची तार सेकंदाला 120 कंपनांची धरा. तंबोऱ्याची तार छेडली की तिच्यातून नुसता तो एक स्वर येत नाही. दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असे बारीक स्वर त्यात आपोआप उमटतात. पाचपट म्हणजे 600. हा गांधार. जवारी नीट लागलेल्या तंबोऱ्यात तो स्पष्ट ऐकू येतो, म्हणून त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. 600चं निम्मं 300. म्हणजे 240चा सा धरून गाणाऱ्याचा शुद्ध गांधार 300चा. बहुतेक पेट्यांत सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात, त्या हिशेबाने गांधार येतो सुमारे 302.4चा. म्हणजे पेटीचा गांधार थोडा चढा. जाणकाराला हा फरक टोचतो, आणि टोचायलाच हवा.

पण मंडळी, माझं काय? मी त्या दिवशी तंबोऱ्यावर जो गांधार लावला तो कोमल गांधाराकडे, म्हणजे 288च्या जवळपास घसरलेला असणार. माझी चूक दहा-बारा कंपनांची आणि पेटीची अडीचही नाही! ज्याला घर सापडत नाही त्याला तुम्ही सांगताय की दाराची चौकट दोन बोटं तिरकी आहे. (हशा) म्हणून मी म्हणतो, श्रुतीचा वाद खरा आहे, पण तो नवशिक्याचा वाद नाही. पेटीचे विरोधक मैफलीचा विचार करत होते, देशी-परदेशीचा विचार करत होते. शिकणाऱ्याच्या कानाचं काय होतं, हा प्रश्न या वादात मागेच राहिला.

तो प्रश्न आता विचारू. इथे मला माझ्या जुन्या धंद्याकडे वळावं लागेल.

आपल्या दर्शनांमध्ये एक मोठा वाद आहे, प्रामाण्यवाद. मला एखादं ज्ञान झालं, तर ते खरं आहे हे कशावरून कळतं? नैयायिक म्हणतात, बाहेरून कळतं. पाणी दिसलं, जवळ गेलो, प्यायलो, तहान भागली, म्हणजे पाणीच होतं. मीमांसक म्हणतात, नाही, ज्ञान होतं तेव्हा ते खरं म्हणूनच होतं. खोटेपणा मात्र बाहेरून कळतो. अंधारात साप दिसला, दिवा आणला, दोरी निघाली. हे जे मागाहून येऊन आधीचं ज्ञान मोडतं, त्याला बाधक ज्ञान म्हणतात.

नवशिक्याचं अगदी असंच असतं. मी स्वर लावतो तेव्हा तो मला बरोबरच वाटतो. चुकीचा वाटला असता तर लावला कशाला असता? तेव्हा माझी चूक मला आतून कळणार नाही, तिला बाधक लागतो. तंबोरा बाधक होऊ शकतो. तो गांधार गाऊन दाखवत नाही, फक्त सा आणि पंचम घेऊन उभा राहतो. मी गांधार लावला की तो त्याच्यात मिसळतो तरी, नाहीतर घासतो, थरथरतो, उपरा वाटतो. मग मी गळा हळूच वर नेतो, खाली आणतो, आणि कधीतरी एक क्षण असा येतो की थरथर थांबते. तो क्षण माझा असतो. चूक माझी, दुरुस्तीही माझी.

आता पेटीवर तोच स्वर मी गाता-गाता वाजवतो तेव्हा काय होतं? पट्टी दाबली, गांधार मोठ्याने वाजला, मी त्याच्या पोटात शिरलो. माझा गळा जरा कणसूर असला तरी कानात भरलेला आवाज पेटीचा. मी पेटी ऐकतो आणि समजतो की स्वतःला ऐकलं. चूक झाली, पण बाधक आलाच नाही. दिवा आणायच्या ऐवजी आपण सापावर चादर टाकली.

माझा आक्षेप एवढाच आहे. पेटी चुकीचे स्वर देते, हा तो आक्षेप नाही. ती नवशिक्याची चूक त्याच्यापासून लपवते. आणि ज्याला चूक ऐकू येत नाही त्याची वर्षं जातात, फी जाते, परीक्षाही पास होतात, पण शिकणं होत नाही.

ॲरिस्टॉटलने आपल्या 'पॉलिटिक्स'च्या आठव्या भागात हाच विषय घेतलाय. मुलांनी स्वतः गायला-वाजवायला शिकावं का, की ऐकून आनंद घेणं पुरे? तो म्हणतो, शिकावं, कारण स्वतः करून पाहिल्याशिवाय चांगला पारखी होणं कठीण. पण ग्रीकांची ती फुंकून वाजवायची बासरीसारखी वाद्यं मात्र नकोत. त्याच्या कारणांपैकी एक असं की ते वाद्य वाजवताना तोंड अडकतं, शब्द उच्चारता येत नाहीत. मला हे वाचताना नेहमी वाटतं, पेटी तोंड अडवत नाही खरी, पण कान अडवते. आणि पारखी व्हायचं तर कान मोकळा हवा.

आता तुम्ही म्हणाल, सर, तंबोरा परवडतो का? जमिनीवर बसून मांडीवर पेलायचा कसा? मिरजेहून आणायचा कसा? स्वरात लावायचा कोणी? रास्त आहे. नवशिक्याला तंबोरा लावता येत नाही, कारण लावायला जो कान लागतो तोच अजून तयार नसतो. पेटी पट्टी दाबली की वाजते, म्हणूनच ती गावोगाव गेली आणि ज्यांच्या घरी कधी उस्ताद आला नसता त्यांच्या घरी गाणं गेलं. हे तिचे उपकार मी विसरत नाही. शिवाय आता मोबाइलमध्ये तंबोरा मिळतो. खऱ्या तंबोऱ्याची गोडी त्यात नाही, पण चूक दाखवण्यापुरता तो प्रामाणिक आहे. त्याच मोबाइलमध्ये स्वर बरोबर आला की काटा मधोमध आणणारी सोयही असते. तिच्यापासून मात्र जरा जपून. पेटीने कानाचं काम बोटाला दिलं, हा काटा ते डोळ्याला देतो. कान बिचारा घरीच.

मग करायचं काय? बाईंनी मला जे सांगितलं तेच सांगतो. पेटी फेकू नका, तिची वेळ बदला. तंबोरा चालू ठेवा. आधी स्वर गळ्याने लावा, धरून ठेवा, तुम्हाला पटेपर्यंत. मग थांबा. आणि मग पट्टी दाबून विचारा, इथेच होतो का मी? आधी गळा, मग पेटी, दोन्ही एकदम नाही. त्यामुळे पेटी साक्षीदार होते, आणि साक्षीदाराने आरोपीच्या तोंडून बोलायचं नसतं. वाजवायला शिकायचं असेल तर जरूर शिका, पण ती वेळ वेगळी ठेवा.

हे सोपं नाही. पहिले दोन महिने मला फार वाईट गेले. पेटीबरोबर मी गायक होतो, तंबोऱ्यासमोर मी कोणीच नव्हतो. या वयात, एवढी वर्षं लोकांच्या चुका काढल्यानंतर, रोज सकाळी अर्धा तास स्वतःची चूक ऐकत बसायची. सोडून द्यावंसं वाटलं. नातवाने दार लावून घेतलं, ते वेगळंच. (हशा)

पण एका सकाळी गांधार लावला आणि तंबोरा एकदम मोठा झाल्यासारखा वाटला. आवाज वाढवला नव्हता. माझा स्वर आणि त्याच्यातला स्वयंभू गांधार एकमेकांना मिळाले होते, इतकंच. दोन-तीन सेकंद टिकलं, मग गेलं. गेलं हेही मला कळलं, कोणी न सांगता. मला वाटतं, मी गाणं शिकायला सुरुवात केली ती त्या दिवशी.

थांबतो इथे.