किल्ली ज्याच्या हाती

जॉर्ज ऑर्वेलच्या 'नाइन्टीन एटी-फोर' (१९४९) मध्ये विन्स्टनवर टेलिस्क्रीनची अहोरात्र नजर आहे. शार्लट ब्राँटेच्या 'जेन एअर' (१८४७) मध्ये बर्था तिसऱ्या मजल्यावर सर्वांच्या नजरेआड कोंडलेली आहे. एकीकडे सत्ता माणसाला सतत पाहते, दुसरीकडे ती त्याला दिसूच देत नाही. दोघेही एकटे पडतात. पण हे एकटेपण सारखे नव्हे. विन्स्टनजवळ निदान चोरून लिहिलेली रोजनिशी आहे. बर्थाच्या तोंडी थेट एकही वाक्य नाही. तिला वेडी ठरवणारा नवराच तिची कहाणी सांगतो. किल्ली ज्याच्या हाती, त्याचीच साक्ष आपण किती सहज खरी मानतो! डॉमिनिकात जन्मलेल्या जीन ऱ्हिस यांनी १९६६ साली 'वाइड सरगॅसो सी' लिहून तिला स्वतःचे बोल दिले. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो, कादंबरीला प्रथम विचारा: इथे बोलतो कोण, आणि कोणाच्या वतीने?