निवेदकाचा गळा

बरोक संगीतात टेनर गायकाचा कस नायकाच्या भूमिकेत लागत नाही, निवेदकाच्या भूमिकेत लागतो. त्या काळच्या इटालियन ऑपेरात राजे आणि प्रेमवीर बहुतेक करून कास्त्रातींकडे, म्हणजे लहानपणी खच्ची केलेल्या उंच आवाजाच्या गायकांकडे, जात. टेनरच्या वाट्याला म्हातारा बाप नाही तर खलपुरुष येई. हेंडेलने १७२४मध्ये 'तामेर्लानो' ऑपेरातली बायझिदची मोठी भूमिका टेनरसाठी लिहिली, हा अपवाद. त्याच वर्षी लाइपझिगमध्ये बाखची 'सेंट जॉन पॅशन' प्रथम सादर झाली. तिच्यातल्या आणि पुढच्या 'सेंट मॅथ्यू पॅशन'मधल्या इव्हँजेलिस्टने, म्हणजे येशूच्या यातना सांगणाऱ्या निवेदकाने, आजच्या बरोक टेनरची कारकीर्द तोलून धरली आहे.

ही भूमिका गाण्याच्या आणि बोलण्याच्या सीमेवर असते. साथीला ऑर्गन, चेलो एवढंच; लय शब्दांच्या मागे चालते. आख्यान लावणाऱ्या कीर्तनकारासारखी कथा पुढे न्यायची, पण कुणाचं सोंग घ्यायचं नाही. मात्र येशूला नाकारल्यावर त्याचा शिष्य पीटर रडतो, तिथे बाख स्वरांची अशी पिळवटलेली ओळ लिहितो की तटस्थ राहणं अशक्य व्हावं. कुर्ट एक्विलुझने हा तोल जसा सांभाळला तसा फार थोड्यांना जमला. व्हिएन्नाच्या ऑपेरात लहानसहान भूमिका करणारा हा गायक. संचालक हारनोनकुर्टच्या १९६५ आणि १९७०च्या पॅशन-मुद्रणांत त्याचा आवाज भव्य नाही, पण एकही शब्द वाया जात नाही. ड्रेस्डेनच्या क्रॉयत्सकोर या मुलांच्या गायकवृंदात घडलेला पेटर श्रायर तर निवेदन गाता गाता संचालनही करत असे.

२०१०मध्ये बर्लिनला दिग्दर्शक पीटर सेलर्सने 'मॅथ्यू पॅशन' रंगमंचीय रूपात उभी केली. त्यात टेनर मार्क पॅडमोरचा इव्हँजेलिस्ट कथा सांगता सांगता स्वतःच ती यातना सोसू लागला. प्रयोग थोर होता. त्याचं अनुकरण मात्र मला खटकतं. आता अनेक तरुण टेनर प्रत्येक शब्दावर जोर देतात, कुजबुजतात, थांबतात, आणि पीटरच्या रडण्यापर्यंत पोचताना हाती काही शिल्लक उरत नाही.

याला धंद्याची रचनाही कारण आहे. पॅशनचा हंगाम ईस्टरपूर्वीचे काही आठवडे. नेदरलँड्समध्ये तर तेव्हा गावोगावी 'मॅथ्यू' होते. तिथल्या नार्डेन गावची परंपरा १९२२पासूनची. आज इथे, उद्या तिथे, तालमी अपुऱ्या. अशा धावपळीत निवेदन मुरणार कधी? २०२०मध्ये कोविडच्या साथीमुळे तो अख्खा हंगामच बुडाला. तेव्हा गुड फ्रायडेला लाइपझिगच्या थॉमस चर्चमध्ये, बाखच्या थडग्यापाशी, आइसलँडच्या टेनर बेनेडिक्ट क्रिस्त्यानसनने हार्पसिकॉर्ड, ऑर्गन आणि तालवाद्यांच्या साथीवर 'जॉन पॅशन'मधल्या सगळ्या भूमिका एकट्याने गायल्या. हे करताना त्याने कथेचा धागा एकदाही सोडला नाही. गेल्या काही वर्षांतलं इतकं धीट निवेदन मला दुसरं आठवत नाही.

फ्रेंच बाजूला चित्र अधिक आशादायक आहे. संगीतकार रामोने गायक जेलियोतसाठी ज्या आवाजात भूमिका लिहिल्या, त्या टेनरच्याही वरच्या पट्टीत सहज फिरणाऱ्या ओत-कोंत्र आवाजाला पॉल अग्न्यूनंतर राइनाउड फान मेखेलेनने भरीव रूप दिलं. तो स्वतःचा वाद्यसमूह चालवतो आणि जेलियोतच्या भूमिकांचं स्वतंत्र ध्वनिमुद्रणही त्याने केलं आहे. इथे टेनर नायक होतो, प्रेम करतो, चिडतो, नाचाच्या लयीत गातो. ईस्टरची वाट पाहत बसण्याची त्याला गरज नसते.