आकडे फिरवून केळी सुलटी होतात का?

सावदा, रावेर, यावल हा केळीचा मुलूख. सावद्याच्या स्टेशनवरून केळी रेल्वेने दिल्लीकडे जातात. ‘जळगाव केळी’ला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. याच सावद्यातल्या एका वर्गात वनस्पतींचा पाठ घेताना आम्ही केळीचा एक रंगीत तक्ता लावला. चित्र कोणी हाताने काढलेले नव्हते. ‘घड धरलेले केळीचे झाड’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य संगणकाला दिले आणि अर्ध्या मिनिटात त्याने चित्र हाती ठेवले. दिसायला मोठे देखणे होते. पाच मिनिटे झाली नाहीत तोच मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, यातली केळी उलटी आहेत.”

तिचे बरोबर होते. बागेतला घड खाली लोंबतो, पण त्यातली केळी वर वळलेली असतात. अगदी कोवळी असताना त्यांची तोंडे खाली असतात आणि वाढता वाढता ती गुरुत्वाकर्षणाच्या उलट दिशेला वळत जातात. आमच्या तक्त्यात सगळ्या केळ्यांची टोके जमिनीकडे होती. भरीला भर म्हणून खोडाला साल होती आणि एक फांदीही फुटली होती. केळीला लाकडी खोड नसतेच. पानांचे तळ एकमेकांभोवती घट्ट गुंडाळून जे उभे राहते त्याला आपण खोड म्हणतो. खरे खोड म्हणजे जमिनीतला कंद. घडाच्या टोकाला केळफूल नव्हते, हीही चूक असे आम्हाला वाटले. तेव्हा दुसऱ्या एका मुलाने आम्हालाच सुधारले. सगळ्या फण्या सुटल्या की त्यांच्या बागेत केळफूल मोडून टाकतात!

शिक्षकांच्या खोलीत ही हकिगत सांगितली तेव्हा उत्तर मिळाले, “तुम्ही सेटिंग नीट लावली नसणार. आकडे वाढवा, चित्र अचूक येईल.” हा सल्ला आता सर्रास दिला जातो. तो कितपत खरा आहे, हे तपासायला हवे.

आमचा तक्ता कोणत्या यंत्रणेने काढला याला फारसे महत्त्व नाही. समजून घेण्यासाठी आपण ऑगस्ट २०२२ मध्ये खुल्या झालेल्या ‘स्टेबल डिफ्युजन’चे उदाहरण घेऊ, कारण तिचे आतले काम उघड आहे. तिची पहिली आवृत्ती आधी ६४ × ६४ चौकटींचे चार थर, म्हणजे १६,३८४ आकडे घेते. हे आकडे पूर्णपणे यादृच्छिक असतात. रेडिओवर स्टेशन लागत नसताना जी खरखर ऐकू येते, तसाच हा प्रकार. मग यंत्रणा टप्प्याटप्प्याने ही खरखर कमी करत जाते आणि शेवटी त्यातून ५१२ × ५१२ ठिपक्यांचे चित्र उलगडते. वापरणाऱ्याच्या हातातले आकडे या प्रवासात तीन ठिकाणी येतात.

पहिला आकडा ‘सीड’, म्हणजे बीज. सुरुवातीची खरखर कोणती घ्यायची हे त्यावरून ठरते. तोच संगणक, तोच प्रोग्राम, तेच वाक्य आणि तेच बीज दिले की तेच चित्र पुन्हा येते. बीज बदलले की चित्र बदलते. बीज ४१ पेक्षा ४२ चांगले, असे काही नसते. ही फक्त चिठ्ठी उचलण्याची गोष्ट आहे.

दुसरा आकडा टप्प्यांचा. तो फार कमी ठेवला तर चित्र अर्धेकच्चे राहते. तीस-पन्नासच्या पुढे नेला तर बहुधा फारसा फरक पडत नाही, नुसता वेळ जातो. उलटी केळी पन्नास टप्प्यांत काढली काय आणि दोनशे टप्प्यांत काढली काय, ती फार तर अधिक नीटस उलटी होतील.

तिसरा आकडा सर्वांत फसवा. त्याला ‘गायडन्स’ म्हणतात. प्रत्येक टप्प्यावर यंत्रणा दोन अंदाज करते: एक आपले वाक्य लक्षात घेऊन, दुसरा ते बाजूला ठेवून. या दोहोंतला फरक ती काही पटींनी वाढवते. समजा, वाक्याविना अंदाज २ आला आणि वाक्यासह ३. फरक १. गायडन्स ७.५ असेल तर उत्तर २ + (७.५ × १) = ९.५. फळ्यावर मांडून दाखवण्याजोगे हे गणित आहे. ‘हे नको, ते नको’ असे सांगण्याची सोयही यातच बसते: वाक्याविना केलेल्या अंदाजाच्या जागी नको असलेल्या शब्दांचा अंदाज घालायचा, म्हणजे चित्र त्याच्यापासून दूर सरकते.

आता या गणितात सत्य कुठे आहे ते शोधा. ते कुठेच नाही! गायडन्स वाढवला की चित्र वाक्याला अधिक घट्ट धरते. फार वाढवला तर रंग भडक होतात, आकार ताठरतात. पण ‘वाक्याला धरून’ आणि ‘वस्तूला धरून’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यंत्रणेच्या मनात ‘बनाना’ या शब्दाशी जे जोडलेले आहे तेच गायडन्स ठळक करणार. ते चुकीचे असेल तर चूक ठळक होणार. ‘आकडा वाढवा, अचूकता वाढेल’ या सल्ल्यातली फट इथे आहे.

‘बनाना’ या शब्दाशी काय जोडलेले असेल? अशा यंत्रणा इंटरनेटवरच्या अब्जावधी चित्रांवर आणि त्यांच्याखालच्या, मुख्यतः इंग्रजी, ओळींवर शिकलेल्या आहेत. त्यांतले केळे बहुधा ताटलीत, टोपलीत किंवा दुकानात असते. दुकानात देठाला दोरी बांधून टांगलेल्या फणीची टोके खालीच येतात. बागेत उभ्या घडाची छायाचित्रे त्यामानाने थोडी. तेव्हा यंत्रणेने दुकानातली फणी उचलून झाडाला टांगली असावी, असा आमचा तर्क आहे. शब्दांचा घोळ आणखी वेगळा. इंग्रजीत फणीला ‘हँड’ म्हणतात आणि एकेका केळ्याला ‘फिंगर’. शेतकीच्या पुस्तकातली हीच बिनचूक परिभाषा संगणकाला दिली तर झाडाला माणसाचे पंजे लागण्याची भीती! आणि ‘फणी’, ‘घड’, ‘मुनवे’ हे आपले शब्द पहिल्या आवृत्त्यांना जवळपास परकेच होते.

यावर कोणी म्हणेल, यंत्रणा दरवर्षी सुधारत आहेत, उद्या केळी सुलटी येतील. येतील, आणि काही यंत्रणांत आजही येत असतील. पण तेव्हा चूक अधिक बारीक जागी जाऊन बसेल आणि ओळखायला अधिक अवघड होईल. सावद्याच्या मुलीला ती दिसली, कारण तिने घड रोज पाहिला आहे. हाच तक्ता मुंबईच्या वर्गात वर्षभर भिंतीवर राहिला असता.

केळ्याची दिशा चुकली म्हणून कोणाचे नुकसान होत नाही, हे खरे. पण हाच तक्ता रोगांचा असता तर? करप्यात पानावर शिरांना समांतर बारीक रेघा उमटतात, पुढे त्यांचे तपकिरी ठिपके होतात. हा बुरशीचा रोग आहे, त्यावर बुरशीनाशक चालते. कुकुंबर मोझॅक विषाणूनेही पानावर पिवळट पट्टे येतात, पण तो विषाणू माव्यामार्फत पसरतो. त्यावर बुरशीनाशकाचा काही उपयोग नसतो, रोगट झाड उपटून नष्ट करावे लागते. दोन्ही रोगांची लक्षणे एकाच पानावर मिसळलेले देखणे चित्र यंत्रणा विनासंकोच काढून देईल. ते पाहून एखाद्याने फवारणी केली तर पैसे जातील आणि रोग शेजारच्या बागेत पोचेल. अशा तक्त्याला खऱ्या पानाचे छायाचित्रच हवे.

इथे एक जुना ग्रंथ आठवतो. मलबारच्या वनस्पतींवरचा ‘हॉर्टस मलबारिकस’ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला बारा खंडांत छापला गेला. त्यात रंगा भट, विनायक पंडित आणि आपू भट या तीन वैद्यांचे कोकणी भाषेतले, नागरी लिपीतले प्रमाणपत्र आहे. या माहितीमागे कोण उभे आहे, हे ग्रंथाने नावानिशी सांगितले. आमच्या तक्त्याखाली असे एकही नाव नव्हते. आमचेसुद्धा नव्हते, आणि ही चूक यंत्राची नव्हे.

मग सेटिंग निरुपयोगी का? मुळीच नाही. एक गोष्ट बदलायची आणि बाकीच्या स्थिर ठेवायच्या, हा प्रयोगाचा पहिला धडा त्यावर फार छान शिकवता येतो. बीज आणि टप्पे तेच ठेवून गायडन्स ३, ७, १२, २० असा बदला आणि चार चित्रे शेजारी लावा. वाक्य किती पाळले याला एक गुण द्या, झाडाशी किती जुळले याला दुसरा. दोन्ही गुण बरोबरीने वाढतात का, हे मुलांनीच पाहावे. अनेक लोकप्रिय सेवांत बीज आणि गायडन्स दिसतच नाहीत. तिथे हा प्रयोग करता येत नाही. जो निकाल पुन्हा काढून पाहता येत नाही त्यावर किती विसंबायचे, याची चर्चाही वर्गात व्हावी.

दुसरी सोय त्याहून मोलाची. कोऱ्या खरखरीऐवजी आपले स्वतःचे रेखाटन यंत्रणेला देता येते. त्यातले किती बदलू द्यायचे हे शून्य ते एक अशा आकड्याने ठरते: शून्यापाशी रेखाटन जसेच्या तसे, एकापाशी ते जवळपास पुसलेले. २०२३ मध्ये आलेल्या ‘कंट्रोलनेट’ या पद्धतीत तर आपल्या रेषा यंत्रणेला पाळाव्याच लागतात. म्हणजे चित्रात जे ज्ञान नव्हते ते बाहेरून आत येते, आणि ते आकड्यातून येत नाही, बाग पाहिलेल्या मुलाच्या पेन्सिलीतून येते.

आम्ही तक्ता काढून टाकला नाही. तो तसाच ठेवून शेजारी त्या मुलीने बागेत बसून काढलेला घड लावला. रेघा वेड्यावाकड्या आहेत, रंग अपुरा आहे, पण केळी वर वळली आहेत. यंत्राच्या चित्राखाली आता प्रयोगवहीत लिहितो तशी नोंद आहे: यंत्रणा, वाक्य, बीज, टप्पे, गायडन्स. त्याखाली आणखी एक ओळ: ‘प्रत्यक्ष झाडाशी कोणी ताडून पाहिले?’ तुमच्या शाळेत असा तक्ता लावाल तेव्हा ही शेवटची ओळ कोरी ठेवू नका.