डॉक्टरांची वही आणि लेकीने लिहिलेला इतिहास

आपल्याकडचे कुलवृत्तांत वाचताना मी आधी एक गोष्ट बघतो : लिहिणारा घरचा की बाहेरचा? घरच्याला कागद सापडतात, पण त्यातले कुठले दाखवायचे हेही तोच ठरवतो. फ्रान्सिस लाँग टेलर यांनी १९२८ साली वडिलांवर लिहिलेलं पुस्तक याचा चांगला नमुना आहे. विषय अमेरिकेचा असला तरी दुखणं आपल्या ओळखीचं.

वडील म्हणजे डॉ. क्रॉफर्ड लाँग. जन्म १८१५, जॉर्जिया राज्यात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून १८३९ मध्ये वैद्यकीची पदवी, आणि पुढे जेफर्सन नावाच्या लहानशा गावी दवाखाना. त्या काळी तरुण पोरं गंमत म्हणून ईथर हुंगायची. त्या धिंगाण्यात लागलेला मार नंतर दिसतो, पण लागताना कळत नाही, हे लाँगनी हेरलं. ३० मार्च १८४२ रोजी जेम्स व्हेनेबल या तरुणाच्या मानेवरची गाठ त्यांनी ईथर देऊन काढली. वहीत नोंद : ईथर आणि शस्त्रक्रिया, २ डॉलर.

बांधकाम खात्यात नोकरी केलेल्या माणसाला अशी वही दिसली की बरं वाटतं. मोजमाप पुस्तकातली नोंद त्या त्या दिवशी केलेली असते, तिला पुढच्या भांडणाची कल्पना नसते. आणि इथे भांडण मोठंच झालं. बोस्टनच्या मॉर्टननी १६ ऑक्टोबर १८४६ला इस्पितळात जाहीर प्रयोग केला आणि नाव त्यांचं झालं. लाँगनी आपला लेख छापला तो १८४९ मध्ये, पाठोपाठ रोग्यांची प्रतिज्ञापत्रं गोळा केली. यादवी युद्धात उत्तरेकडचं सैन्य जवळ आल्यावर हेच पुरावे त्यांनी जपण्यासाठी मुलीकडे सोपवले, असं लेक सांगते. म्हणजे पुस्तक लिहिण्याच्या कितीतरी आधीपासून ती या दाव्याची राखणदार होती.

पुस्तकाचं बळ यातच आहे, आणि खोटही यातच. सगळा भर ‘पहिला कोण’ यावर. त्यात गावचा डॉक्टर हरवतो. लाँग इतकी वर्षं गप्प का राहिले? घराण्याच्या आणि राज्याच्या अभिमानाला विनयाचं उत्तर आवडतं. खुद्द लाँगनी लेखात दिलेलं कारण साधं आहे, आणि मला ते जास्त पटतं : खेड्यातल्या डॉक्टरकडे शस्त्रक्रियेचे रोगी वर्षाकाठी थोडेच येतात, मग खात्री कशी करायची? ही त्या व्यवसायाची खरी गोष्ट. बोस्टनला इस्पितळ होतं, प्रेक्षक होते, वर्तमानपत्रं होती. जेफर्सनला घोडा आणि लांबचे रस्ते.

खात्री त्यांनी केली ती अशी. एका स्त्रीच्या डोक्यावरच्या ३ गाठी एकाच दिवशी काढल्या, ईथर फक्त दुसऱ्या गाठीला दिलं. जानेवारी १८४५ मध्ये एका काळ्या मुलाची २ बोटं कापली, एक ईथर देऊन, एक न देता. एका वेळी त्याला वेदना झाल्या, दुसऱ्या वेळी नाही, असं लेखात शांतपणे नोंदवलंय. मुलाचं नाव नाही. १८४२ मधल्या आणखी एका काळ्या मुलाची ओळख लेखात मालकिणीच्या नावाने होते.

प्रयोग म्हणून बघितलं तर पद्धत चोख : तोच रोगी, तोच दिवस, बदल एकाच गोष्टीत. इंजिनिअर म्हणून मला ती लगेच कळते, आणि म्हणूनच अंगावर येते. दुसऱ्या बोटाला ईथर नाकारताना त्या मुलाला कुणी विचारलं होतं का? पहिलेपणाचा खटला लढणाऱ्या पुस्तकात हे दोघे फक्त साक्षीदार ठरतात. १८७७ मध्ये लाँगची बाजू जोरात मांडणारे डॉ. मॅरियन सिम्स हेही गुलाम स्त्रियांवर भूल न देता शस्त्रक्रिया करून नावाजलेले, हा योगायोग मला नुसता वाटत नाही.

लाँग १८७८ मध्ये अथेन्स गावी गेले, तेही एका बाळंतपणाच्या कामावर असताना. १९२६ पासून त्यांचा पुतळा अमेरिकेच्या संसदभवनात आहे. लेकीचं पुस्तक जरूर वाचा, पण आधी तो १८४९चा लेख वाचा. थोडक्या पानांचा आहे. वडिलांच्या हातचा आहे, आणि बोटांची नोंद त्यातच आहे.