एका श्वासाची एक ओळ

एखाद्या गायकाला छातीभर श्वास घेता येत नाही आणि तरीही त्याने तेरा गाण्यांचा अल्बम पुरा केला, एवढे कानावर आले की आपण दाद आधी देतो आणि गाणे नंतर ऐकतो. कित्येकदा ऐकायचे राहूनच जाते. कर्टिस मेफील्ड या कृष्णवर्णीय अमेरिकन गायकाच्या ‘न्यू वर्ल्ड ऑर्डर’ या १९९६ सालच्या अल्बमचे काहीसे असेच झाले. त्याच्या जिद्दीविषयी पुष्कळ लिहिले गेले. गाण्यांविषयी त्या मानाने थोडे. दुःख सोसणाऱ्या माणसाविषयी आदर बाळगण्याची शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळते आणि ती योग्यच आहे. पण आदर आणि परीक्षण या भिन्न गोष्टी आहेत. कलावंताचे काम पारखून घेण्याचे आपण दयेपोटी टाळले, तर त्याला कलावंत मानण्याचेच आपण टाळतो, असे मला वाटते.

आधी हा अल्बम घडला कसा ते पाहू. १३ ऑगस्ट १९९० रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलीन भागात, विंगेट फील्ड येथील उघड्या मैदानावर मेफील्डचा कार्यक्रम होता. तो गिटार घेऊन मंचावर आला आणि वाऱ्याच्या झोताने दिव्यांचा सांगाडा त्याच्यावर कोसळला. मानेचे मणके मोडले. त्या वेळी तो ४८ वर्षांचा होता. मानेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. हात गेले, म्हणजे गिटारही गेले. पुढची सहा वर्षे त्याचा नवा अल्बम निघाला नाही. दरम्यान १९९४ मध्ये इतर नामांकित गायकांनी त्याचीच गाणी गाऊन एक गौरव-अल्बम काढला. त्या सुमारास बहुतेकांची समजूत अशी होती की, मेफील्डचे गाणे आता दुसऱ्यांच्याच तोंडून ऐकायचे.

गाण्याचा अभ्यास केलेल्यांना ठाऊक असते की लांब ओळ ही गळ्यापेक्षा पोटाच्या आणि बरगड्यांमधल्या स्नायूंवर पेलली जाते. घेतलेला श्वास हे स्नायू रोखतात आणि पुरवून पुरवून सोडतात. मेफील्डपाशी ते उरले नव्हते. चाकांच्या खुर्चीत ताठ बसले की पोटातील अवयव खाली ओढले जातात आणि श्वासपटलाला खालून आधार मिळत नाही; उताणे निजले की तेच अवयव स्वतःच्या भाराने श्वासपटलाला वर रेटतात. जे काम स्नायू करीत ते काही अंशी पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण करते. म्हणून ध्वनिमुद्रणाच्या वेळी मेफील्ड उताणा निजून गायिला. एका श्वासात एक ओळ, मग विसावा, मग दुसरी ओळ. या ओळी जोडून गाणे तयार झाले. हाताने टिपून ठेवणे शक्य नव्हते आणि गिटारवर चाल अजमावून पाहणेही नव्हते. सुचलेले तोंडी सांगायचे आणि दुसऱ्याने ते धरून ठेवायचे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. तुकडे जोडून गाणे तयार करणे ही काही मेफील्डसाठी शोधून काढलेली युक्ती नव्हे. अनेकपदरी ध्वनिमुद्रण आल्यापासून धडधाकट गायकांची गाणीही अशीच जोडली जातात. पाच-सहा वेळा गाऊन घेतात आणि त्यांतली चांगली ओळ निवडतात. तेव्हा जोडकामाचे कौतुक करण्यात अर्थ नाही. खरा प्रश्न असा की, ओळ आखूड झाल्यावर गाणे आखूड झाले का? माझे उत्तर नाही असे आहे, आणि त्याचे कारण शोधायला मेफील्डच्या बालपणाकडे जावे लागते.

त्याचा जन्म ३ जून १९४२ रोजी शिकागो शहरात झाला. वडील लवकरच घर सोडून गेले. आजी ॲनी बेल मेफील्ड ही स्वतः धर्मोपदेशिका होती आणि तिच्या प्रार्थनामंदिराचे नाव होते ‘ट्रॅव्हलिंग सोल स्पिरिच्युअलिस्ट चर्च’. ज्या संगीताला पुढे जगाने ‘सोल’ म्हटले, तो शब्द या मुलाने मंदिराच्या पाटीवरच वाचला होता! तेथील गायनात तो मुलगा वाढला. किशोरवयात त्याचे कुटुंब शिकागोतील कॅब्रिनी वसाहतीत राहावयास आले. हे नाव आपल्या वाचकांना परके नाही. इटलीहून अमेरिकेतील गरीब स्थलांतरितांच्या सेवेसाठी गेलेल्या आणि १९१७ मध्ये शिकागोतच निवर्तलेल्या मदर फ्रान्सिस झेवियर कॅब्रिनी यांच्या नावाने ही गरिबांची घरे १९४२ साली उभारण्यात आली होती. १९४६ मध्ये पोप पायस बारावे यांनी त्यांना संतपद दिले. अमेरिकन नागरिकांपैकी त्या पहिल्या संत. गोव्यात ज्यांचे पवित्र शव आहे त्या संत फ्रान्सिस झेवियर यांच्यावरील भक्तीपोटी त्यांनी ‘झेवियर’ हे नाव धारण केले होते. त्यांनाही पूर्वेकडे, चीनमध्ये जायचे होते. पोप लिओ तेरावे यांनी त्यांना पश्चिमेकडे धाडले. कॅब्रिनी वसाहतीची पुढे दुर्दशा झाली, तिच्या उंच इमारती पाडण्यात आल्या. पण १९५०च्या दशकात तिच्या अंगणात पोरे टोळक्याने गात असत आणि मेफील्ड त्यांतला एक होता.

गिटार त्याला कोणी शिकवले नाही. पेटीच्या किंवा पियानोच्या काळ्या पट्ट्या वाजवणे त्याला आवडे, म्हणून त्याने गिटारच्या तारा त्या काळ्या पट्ट्यांशी जुळवून घेतल्या. आपल्याकडे पेटी वाजवणाऱ्याला हे चटकन समजेल: काळी तीनचा षड्ज धरून केवळ काळ्या पट्ट्यांवर बोटे फिरवली की भूप वाजतो. मेफील्डच्या मोकळ्या तारा म्हणजे त्यातले सा, ग आणि प. जगातले बहुतेक गिटारवादक तारा अशा लावत नाहीत. त्यामुळे त्याच्या गिटारवर त्यांची सवयीची बोटे उपयोगी पडत नसत. हे येथे सांगण्याचे कारण असे की, १९९६च्या अल्बममधली सर्वांत मोठी उणीव आवाजाची नाहीच. ती या गिटारची आहे. गाण्याच्या फटींतून पाण्यासारखे झुळझुळणारे ते वादन दुसऱ्या कोणाला भरून काढता आले नाही.

आवाजाचे मात्र वेगळे आहे. १९५८ पासून मेफील्ड ‘द इम्प्रेशन्स’ या संचात गात असे. जेरी बटलर बाहेर पडल्यावर संचाची धुरा मेफील्डवर आली आणि १९६०च्या दशकात तो, सॅम गुडेन आणि फ्रेड कॅश असे तिघे उरले. ‘कीप ऑन पुशिंग’ (१९६४) आणि ‘पीपल गेट रेडी’ (१९६५) ही त्यांची गाणी नागरी हक्कांच्या चळवळीत गायिली गेली. ‘लिलीज ऑफ द फील्ड’ हा सिडनी पॉइटिए आणि धर्मभगिनींचा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना त्यातले ‘आमेन’ आठवत असेल. त्याची इम्प्रेशन्सनी गायिलेली आवृत्तीही १९६४ मध्ये गाजली. या तिघांची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. बाकीच्या संचांत एक मुख्य गायक आणि मागे साथ करणारे अशी वाटणी असे. इम्प्रेशन्समध्ये ओळ एकाकडून दुसऱ्याकडे जाई: एकाने उचलायची, दुसऱ्याने पुढे न्यायची, शेवटचा शब्द तिघांनी मिळून म्हणायचा. ही रीत कृष्णवर्णीयांच्या प्रार्थनामंदिरातून आलेली आहे. तेथे उपदेशक अर्धे वाक्य बोलतो आणि लोक ते पुरे करतात. आपल्याकडेही स्तोत्राचे पालुपद लोकांकडे असतेच. फरक एवढाच की तेथे लोक पालुपदाची वाट पाहात थांबत नाहीत.

म्हणजे मेफील्डची ओळ तब्येत उत्तम असतानाही एकट्याची नव्हती. त्याचा आवाज मुळात बारीक, उंच आणि हलका. छाती फोडून गाणाऱ्यांतला तो कधीच नव्हता. १९७० मध्ये संच सोडून त्याने ‘कर्टिस’ हा पहिला एकट्याचा अल्बम काढला आणि १९७२ मध्ये ‘सुपर फ्लाय’ या चित्रपटाच्या संगीताने तो शिखरावर पोहोचला. त्याही काळात तो आखूड वाक्ये बोलल्यासारखी गाई आणि मधल्या जागा वाद्यांना देई. श्वास गेल्यावर त्याला नवी शैली घडवावी लागली नाही. जुन्या शैलीतले दुसऱ्यांचे वाटे तेवढे वाढवावे लागले. ‘न्यू वर्ल्ड ऑर्डर’ ऐकताना साथीच्या आवाजांकडे लक्ष द्यावे. ते नुसते मागे उभे नाहीत. मेफील्डची ओळ जिथे उतरते तिथे ते ती हातात घेतात. आवाज कडेने झिजलेला आहे, काही ठिकाणी घोगरा आहे, आणि शब्दाच्या अखेरीस तो विरतो. पण ओळ मध्येच तुटल्यासारखी वाटत नाही, कारण ती जिथे संपते तिथेच तिला संपायचे होते.

अल्बममधले सर्वांत प्रभावी गाणे माझ्या मते ‘हिअर बट आय ॲम गॉन’. इथे आहे, पण मी उरलो नाही, असा त्या नावाचा आशय. गायकाची अवस्था ठाऊक असलेला श्रोता हे त्याच्या शरीराचेच वर्णन समजतो. प्रत्यक्षात गाण्यातला ‘मी’ व्यसनाने पोखरलेला माणूस आहे, आणि गाणे मेफील्डचे नव्हे. अटलांटाच्या ‘ऑर्गनाइज्ड नॉइझ’ या तरुण संचाकडून ते आले. ‘सुपर फ्लाय’मध्ये मेफील्डने मादक पदार्थांच्या व्यापारातल्या माणसांची गाणी लिहिली होती. चोवीस वर्षांनी, त्याच गाण्यांवर वाढलेल्या पिढीने त्याच्या तोंडी तसेच एक गाणे दिले. त्याने ते आत्मकथेसारखे गायिले नाही, स्वतःची कीव येऊ दिली नाही. त्या पात्राच्या नजरेतूनच तो शेवटपर्यंत पाहतो. हा संयम मला त्याच्या जिद्दीपेक्षा मोठा वाटतो.

सगळीच गाणी या उंचीची नाहीत. एका अल्बमवर इतक्या निर्मात्यांचे हात फिरले की त्याचा पोत एकसारखा राहिला नाही. यंत्राने वाजवलेले ढोल त्या दशकाच्या सवयीप्रमाणे गुळगुळीत आणि न थकणारे आहेत. थकलेल्या आवाजाशेजारी ते उपरे वाटतात. दोन-तीन प्रेमगीते वगळली असती तर नुकसान झाले नसते. ‘वुई पीपल हू आर डार्कर दॅन ब्लू’ हे १९७० सालचे गाणे रॉजर ट्राउटमनच्या साहाय्याने पुन्हा सादर केले आहे. आपल्याच लोकांना खडे बोल सुनावणाऱ्या या गाण्याचे मूळ रूप इतके पूर्ण आहे की नव्याची गरज पटत नाही.

शीर्षकगीताबद्दल मात्र थोडे सांगितले पाहिजे. ‘नवी जागतिक व्यवस्था’ हे शब्द अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) यांनी ११ सप्टेंबर १९९० रोजी, आखाती संकटाच्या वेळी आपल्या संसदेपुढे केलेल्या भाषणात वापरले आणि ते जगभर पसरले. मेफील्ड त्या वेळी जायबंदी होऊन महिनाही झाला नव्हता. राजकारण्यांचे ते शब्द त्याने सहा वर्षांनी उचलले आणि त्यांत सैन्याऐवजी घरे, मुले आणि नवा दिवस आणून बसवला. स्पाइक ली याने १९९६ च्या ‘गेट ऑन द बस’ या चित्रपटात हे गाणे घेतले. गाण्यात आशावाद भाबडा आहे अशी टीका करता येईल. पण ‘पीपल गेट रेडी’ लिहिणाऱ्याचा आशावाद १९६५ मध्येही असाच होता आणि तेव्हाही परिस्थिती त्याच्या बाजूने नव्हती.

या अल्बमला ग्रॅमी पारितोषिकांची नामांकने मिळाली, पारितोषिक मिळाले नाही. मेफील्डचा हा अखेरचा अल्बम ठरला. मधुमेहामुळे १९९८ मध्ये त्याचा एक पाय कापावा लागला, आणि २६ डिसेंबर १९९९ रोजी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, त्याचे निधन झाले.

अल्बमवर दोन पाहुण्या गायिका आहेत. ‘मिस मार्था’ या गाण्यात मेव्हिस स्टेपल्स आहे आणि ‘बॅक टू लिव्हिंग अगेन’मध्ये अरीथा फ्रँकलिन. दोघींचेही गाणे देवाच्या घरात सुरू झालेले. अरीथाचे वडील तर डेट्रॉइटमधले नावाजलेले बॅप्टिस्ट प्रवचनकार. मेफील्डने १९७५ मध्ये स्टेपल कुटुंबासाठी ‘लेट्स डू इट अगेन’ची गाणी केली होती आणि पुढच्याच वर्षी अरीथासाठी ‘स्पार्कल’ हा संपूर्ण अल्बम लिहिला होता. तेव्हा शब्द आणि सूर त्याचे होते, श्वास त्यांचा. १९९६ मध्ये दोघी परत आल्या त्या मुख्य जागा घेण्यासाठी नव्हे. अरीथासारखी गायिका, जिचा एक आलाप कोणाचेही गाणे झाकून टाकील, ती येथे मोजकेच गाते. मंदिरातल्या पुढच्या बाकावरची बाई प्रवचनकाराच्या प्रत्येक वाक्याला हुंकार देते, तसा तिचा आवाज मेफील्डच्या ओळीनंतर येतो आणि त्याची पुढची ओळ सुरू होण्याआधी बाजूला होतो.